पिकअपचा रंग लवकर मरतो तो या चुकांमुळे

रोज माल वाहणाऱ्या पिकअपचा रंग उन्हापावसाने जितका मरतो, त्याहून जास्त कोरड्या फडक्याने मरतो. पहाटे कांदा भरून लासलगावला निघायच्या आधी चालक सीटखालचा फडका काढतो आणि बॉनेटवरची धूळ तशीच कोरडी पुसतो. त्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. फडका फिरला की ते रंगावर घासले जातात. एका दिवसात काही कळत नाही, पण वर्षभराने गाडी उन्हात उभी करून तिरकं बघा, बॉनेटभर गोल गोल ओरखड्यांचं जाळं दिसेल. पांढऱ्या गाडीवर ते लपतं, लाल-काळ्या गाडीवर लपत नाही.

पाणी मारायला वेळ नसेल तर धूळ राहू द्या. काच, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट ओल्या फडक्याने पुसा आणि निघा. गाडी धुवायचीच असेल तर आधी नुसत्या पाण्याने माती उतरवा. मग दोन बादल्या घ्या, एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. टपापासून खाली यायचं. चाकांजवळच्या चिखलासाठी फडका वेगळा ठेवा. जमिनीवर पडलेला फडका झटकून पुन्हा बॉनेटला लावणाऱ्याच्या हातातून मी तो काढून घेतो.

दुसरी चूक रबिंगची, म्हणजे खरखरीत पेस्टने रंग घासून चमक आणण्याची. दसरा जवळ आला की "जरा रबिंग मारून द्या, चमकली पाहिजे" हे सुरू होतं. कंपनीचा रंग प्रायमरसकट (रंगाखालच्या अस्तरासकट) साधारण 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरच्या सहाव्या हिश्शाच्याही आत. क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, असला तर त्यातला तो जेमतेम 40-50 मायक्रॉन. रबिंगने ओरखडा भरत नाही, त्याच्या आजूबाजूचा रंग घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. घासलेला थर परत येत नाही.

निफाडकडचा एक पोरगा बहिणीच्या लग्नाआधी लाल पिकअप घेऊन आला होता. हप्ते अजून चालू होते. दर दसऱ्याला एका वॉशिंग सेंटरवर तो मशीनने रबिंग करून घ्यायचा. शेवटच्या वेळी तिथल्या मुलाने मशीन पूर्ण वेगात बॉनेटच्या कडेवर दाबून धरलं. कडेला रंग मुळातच पातळ असतो. तिथे बोटभर रुंदीची राखाडी पट्टी उघडी पडली होती. "दादा, पॉलिशने जाईल ना?" त्याने विचारलं. तो डाग नव्हता, प्रायमर होता. बॉनेट रंगवावंच लागलं. त्यात वर्षानुवर्षं सिलिकॉनचं चमकपाणी मारलेलं, त्यामुळे पेंटरने पुसून घेतलं तरी पहिल्या हाताला रंगात बारीक खड्डे पडले. ते घासून पुन्हा हात दिला, तर नवं बॉनेट आणि उन्हाने विटलेले दरवाजे यांचा लाल एक होईना. घाईने मिळवलेल्या चमकेची ही किंमत असते, आणि ती गाडीमालक भरतो, मशीनवाला नाही.

मी आधी सौम्य पॉलिश पांढऱ्या फडक्यावर घेऊन तळहाताएवढ्या जागी हातानेच लावून बघतो. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर क्लिअर कोट नाही, मालवाहू गाड्यांवर पुष्कळदा नसतोच. मग मशीन बाजूला ठेवायचं. कडांवर मास्किंग टेप, हलका हात आणि वर वॅक्स, एवढंच करतो.

ताडपत्रीकडे कोणी बघतच नाही. सैल बांधलेली ताडपत्री हायवेवर फडफडते आणि तिच्याखालची माती बाजूचा पत्रा घासत राहते. ती ताणून बांधा. दोरी जिथे कडेवरून वळते तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

डिझेल किंवा रॉकेलने पुसू नका, तेलकट थरावर दुप्पट धूळ बसते आणि दरवाजांचे रबर खराब होतात. कपडे धुण्याची पावडर वॅक्स उतरवते. तापलेल्या बॉनेटवर बोअरचं पाणी मारलं की क्षाराचे डाग राहतात. पक्ष्यांची घाण दिसली की ओली करून लगेच काढा. पूजेचं हळद-कुंकू आणि झेंडूचा हार रंगावर दिवसेंदिवस ठेवू नका. सिमेंट वाहिलं असेल तर त्याच संध्याकाळी भरपूर पाण्याने धुवा. आणि सिरॅमिक कोटिंग केलं म्हणून खडीचा मार चुकत नाही, तसं सांगून पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका.

खडीने उडालेले टवके मे महिन्यातच बघा. गंज बारीक पॉलिशपेपरने घासा, प्रायमर लावा, सुकल्यावर कंपनीने गाडीच्या रंगाला दिलेल्या कोडचा टचअप रंग काडीच्या टोकाने भरा. ब्रशने फासलं की भोवती रंगाचा उंच ठिपका राहतो. टचअप पूर्ण वाळल्यावर सगळ्या गाडीला वॅक्स द्या आणि पावसाळ्यात दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा एक हात द्या.