ओढा ओलांडताना स्लीपिंग बॅग कोरडी ठेवायची तर

पावसाळ्यात सह्याद्रीत मुक्कामी ट्रेक असेल तर ओढ्यात रेनकव्हरचा उपयोग नाही. पाणी पाठीकडून शिरतं, शिवाय कव्हरमध्ये साठून वजन वाढवतं. त्यापेक्षा सॅकच्या आत कचऱ्याच्या जाड, मोठ्या दोन पिशव्या एकात एक घाला. तळाशी स्लीपिंग बॅग, वर रात्रीचे कपडे आणि मोजे. दाबून हवा काढा, तोंड पिळून दुमडा, रबर लावा. तंबू ओला होणारच, तो पिशवीबाहेर ठेवा.

पाण्यात उतरण्याआधी कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा. पाय घसरला तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे. बूट मात्र पायातच हवेत.

पाणी गढूळ आणि गुडघ्याच्या वर असेल तर थांबाच. पाऊस उघडला की इथले ओढे बहुधा काही तासांत उतरतात.