जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांच्या या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास बीड, धाराशिव, जालन्याकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे तोडीचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. परत आल्यावर आई-बाप लेकराला घेऊन शाळेत जातात. तिथं ऐकायला मिळतं, "आधी मागच्या शाळेचा दाखला आणा, मग बघू." बरेच जण तेवढ्यावरच माघारी फिरतात. हा नकार कुठल्याच कागदावर येत नाही, म्हणून त्याची दादही मागता येत नाही. पालकांची सगळ्यात मोठी चूक हीच, सगळं तोंडी चालू देण्याची.

दाखल्यासाठी लेकरू घरी ठेवणं

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यातलं कलम 5 स्पष्ट आहे. दाखला यायला उशीर झाला, या कारणावरून सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. उलट दाखला द्यायला जो मुख्याध्यापक उशीर करतो, त्याच्यावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जन्माचा दाखला नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष निम्मं सरलं असलं तरी प्रवेश मिळतो. आधार कार्ड नसेल तरी प्रवेश अडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय. शाळा मध्येच सुटली असेल, तर मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, ही जबाबदारी शाळेची आहे.

म्हणून साध्या कागदावर एवढंच लिहा : "माझी मुलगी, वय 9 वर्षे, हिला वयानुरूप इयत्तेत प्रवेश द्यावा. मागील शाळेचा दाखला मिळालेला नाही. प्रवेश देता येत नसल्यास कारण लेखी द्यावे." शेवटचं वाक्य गाळू नका. नकार लेखी द्यायचा म्हटलं की बहुतेक वेळा प्रवेशाचाच मार्ग निघतो. अर्जाच्या दोन प्रती करा. आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय शाळेतून निघू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. लिहिता येत नसेल तर शिकलेल्या पुतण्याकडून लिहून घ्या, खाली अंगठा चालतो.

कारखान्याला जायच्या आधीचंही एक काम आहे. लेकरं आजी-आजोबांजवळ गावातच राहणार असतील, तर हंगामी वसतिगृहाची (आई-बाप तोडीला असेपर्यंत गावात राहिलेल्या लेकरांची सोय) मागणी सप्टेंबरमध्येच शाळेकडे लेखी द्या. सोबत नेणार असाल तर लेकरू कितवीत शिकतंय याची नोंद असलेलं शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसवताना अडचण येत नाही.

न वाचता सही करणं

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. अध्यक्षही पालकांतूनच होतो. कायद्याने एवढं दिलेलं असताना कित्येक गावांत बैठक होतच नाही. इतिवृत्ताची वही घरी येते, माउली चुलीपुढून उठते, हात पुसते आणि बोट ठेवलेल्या जागी सही करते. त्या पानावर कधी अनुदानाचा खर्च मंजूर झालेला असतो. अनुदान कुठं खर्च झालं हे बघणं आणि शाळेचा विकास आराखडा करणं, ही समितीचीच कामं आहेत. तेव्हा सही करायच्या आधी वही वाचून दाखवायला सांगा, वरची तारीख बघा. बैठक झालीच नसेल तर सही करू नका. मुख्याध्यापक गावचेच, रोज तोंड बघायचं, हा संकोच मला समजतो, पण पैसा लेकरांचा आहे.

मार खाल्ला तर गप्प बसणं

"सर, चूक केली तर हाणा त्याला," असं आपणच सांगून येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी आहे आणि पालकाने परवानगी दिली म्हणून ती उठत नाही. वळ असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करता येतो.

पाचवी-आठवीत नापास झालं म्हणून लेकराचं नाव काढू देऊ नका. फेरपरीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवता येतं, पण आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही. नाव, जात, जन्मतारीख यांत चूक दिसली तर मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा अर्ज द्या, नंतर ते फार जड जातं.

एकदम कलेक्टर कचेरी गाठणं

आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे), मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी. प्रत्येक ठिकाणी आधीच्या अर्जाची पोच जोडा. त्याच कायद्याच्या कलम 32 खाली लेखी तक्रार आली की स्थानिक प्राधिकरणाला (म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या संस्थेला) तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. अर्जाचं काय झालं हे कुणी सांगत नसेल, तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारा. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.