जुन्या डाय-कास्ट रेसिंग कार: शोधणं, उघडणं, रंगवणं

जुनी डाय-कास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेली, खेळण्यातली रेसिंग कार घेताना लोक वरून काढलेल्या फोटोवर भुलतात. आधी तळाचा फोटो मागा. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव बहुधा तिथेच असतं, आणि गाडी आधी कुणी उघडली आहे का तेही तिथेच दिसतं. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर गाडी सोडून द्या. शोधताना ‘जुनी खेळण्यातली कार’ असं मोघम लिहून काही हाती लागत नाही; ‘मॅचबॉक्स 52 मासेराती’ असं कंपनी, मॉडेलचा क्रमांक आणि गाडीचं नाव देऊन नेमकं लिहा. उलट स्वस्तात हवी असेल तर एकत्र विकायला काढलेल्या सरमिसळ खेळण्यांच्या ढिगांवर नजर ठेवा, कारण त्यात काय पडलंय हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

डिंकी या ब्रिटिश ब्रँडच्या दुसऱ्या महायुद्धाआधीच्या गाड्या घेताना भेगा बघा. यातल्या बहुतेक गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या. ओतताना त्यात शिशाचा अंश गेला असेल तर धातू आतून फुटत जातो: बारीक चिरा पडतात, बॉडी फुगते, वाकते. यावर इलाज नाही. पुट्टी भरून, लाख फासून ‘वाचवलेल्या’ गाड्या विकतात, त्यांच्या नादी लागू नका. मात्र ही कीड शेजारच्या गाडीला लागते, हीदेखील अफवाच. दोष त्या-त्या ओतकामातला असतो. दमट, उबदार जागेत तो लवकर वर येतो, इतकंच.

मूळ रंग बराचसा शाबूत असेल तर साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि बस्स. अशी गाडी नव्याने रंगवणं म्हणजे तिची किंमत स्वतःच्या हाताने घालवणं.

रंगवायचीच असेल तर ती उघडावी लागते, आणि गाड्या मरतात त्या इथे. आपण ज्याला रिव्हेट म्हणतो तो बहुतेक गाड्यांत वेगळा तुकडा नसतोच. बॉडीबरोबरच ओतलेला खुंट तळपट्टीच्या भोकातून बाहेर येतो आणि त्याचं टोक दाबून पसरवलेलं असतं. म्हणजे ड्रिल चालतं ते थेट बॉडीवर. ‘मोठं ड्रिल लावा, आरपार जा’ असं सांगणाऱ्याने बहुधा बसकी रेसिंग कार कधी उघडलेली नसते. सलून, म्हणजे बंद टपाच्या नेहमीच्या गाडीत खुंटावर भरपूर उंची असते. एकआसनी रेसरचं बॉनेट इतकं खाली असतं की जरा जोर लागला की ड्रिलचं टोक वरच्या रंगातून बाहेर डोकावतं. स्क्रूड्रायव्हर खुपसून तळपट्टी उचकटणं तर त्याहून वाईट: पत्रा वाकतो किंवा खुंट मुळातून तुटतो.

म्हणून विजेचं ड्रिल बाजूला ठेवा आणि हाताने फिरवायचा पिन व्हाइस घ्या. खुंटाच्या पसरलेल्या डोक्याच्या बरोबर मध्ये टोच्याने दाबून खूण करा. हातोडी नको, अ‍ॅक्सल वाकतात. मग 1.6 मिमीचं ड्रिल सरळ उभं धरून फिरवा. हाच आकार, कारण पुढे गाडी स्क्रूने बंद करायला खुंटात एम 2 चा, म्हणजे 2 मिमीच्या स्क्रूचा, आटा पाडायचा असतो आणि त्याला नेमकं हेच भोक लागतं. किती खोल जायचं ते बाहेरून मापून ड्रिलवर चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टी टेकली की थांबा. धातू मऊ असल्याने भुगा ड्रिलला चिकटतो; सारखं बाहेर काढून पुसा. त्यानंतर खुंटापेक्षा किंचित जाड ड्रिलने फक्त पसरलेलं डोकं कापा. डोक्याची चकती सुटून फिरायला लागली की काम झालं. त्यापुढचा प्रत्येक फेरा खुंटाची उंची खातो.

आटा पाडताना तेलाचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. स्वतःच आटा पाडत जाणारे स्क्रू वापरू नका, खुंट उभा चिरतो. खुंट फारच बारीक असेल तर भोक पाडण्याआधीच एम 2 चा हट्ट सोडा आणि त्याहून लहान माप घ्या.

रंग काढण्याआधी काच, चालक, टायर, प्लॅस्टिकचं सगळं बाहेर. कॉस्टिक सोडा नको, तो जस्तालाच खातो. रंग उतरवणारं जेल वापरा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासायचं नाही. उरलेलं ओल्यानेच घासा.

धातूला धरणारा प्रायमर, त्यावर रंगाचे पातळ थर. 1968 पासूनच्या सुरुवातीच्या चमकत्या हॉट व्हील्सना मात्र प्रायमर चालत नाही: तो पारदर्शक रंग चकचकीत केलेल्या उघड्या धातूवर होता, साध्या मेटॅलिक स्प्रेने ती झाक येत नाही. नंबरांची स्टिकरं रंग पूर्ण वाळल्यावरच.

जोडताना दोन्ही स्क्रू आधी सैल ठेवा, चाकं फिरवून बघा, मग आवळा. चालकाचा पुतळा आणि सुटे टायर लहान मुलाच्या घशात अडकण्याइतके छोटे असतात. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती ही गाडी देऊ नका.