पाइप शिकताना आधी टोकं मोजा

सी ही प्रोग्रामिंग भाषा शिकताना पॉइंटरने मला जेवढा त्रास दिला नाही, तेवढा पाइपने, म्हणजे एका प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) डेटा दुसरीकडे नेणाऱ्या नळीने, दिला. पॉइंटर चुकला की प्रोग्राम निदान कोसळतो, ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून ओरडतो. पाइप चुकला की बहुतेक वेळा काहीच होत नाही. कर्सर लुकलुकत राहतो आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो.

माझा पहिला प्रोग्राम जेमतेम पंचवीस ओळींचा होता. पेरेंटने (मूळ प्रोसेसने) चाइल्डला (फोर्क या कॉलने काढलेल्या तिच्या प्रतीला) एक वाक्य पाठवायचं, चाइल्डने ते वाचून छापायचं. आधी पाइप, मग फोर्क, मग एकीकडे राइट आणि दुसरीकडे लूपमध्ये रीड. वाक्य छापलं गेलं, मला आनंद झाला आणि मग दोघंही गप्प. पेरेंट वेटमध्ये, म्हणजे चाइल्ड संपायची वाट बघत, चाइल्ड रीडमध्ये. मी कंट्रोल-सी दाबून पुन्हा चालवला, पुन्हा तेच. पेरेंटमध्ये लिहून झाल्यावर क्लोज केलंय, हे चार वेळा तपासलं. म्हणजे चाइल्डला एंड ऑफ फाइल मिळायला हवं होतं आणि रीडने शून्य परत करायला हवं होतं. ते होत नव्हतं.

चूक अशी होती. पाइप हा कॉल दोन डिस्क्रिप्टर (उघड्या टोकांचे क्रमांक) देतो, एफडी[०] वाचायला आणि एफडी[१] लिहायला. (लक्षात ठेवायला सोपं आहे: ० हा स्टँडर्ड इनपुट, १ हा स्टँडर्ड आउटपुट, इथेही तोच क्रम.) फोर्क केल्यावर या दोन्हींच्या प्रती चाइल्डकडे जातात. म्हणजे आता टोकं दोन नाहीत, चार आहेत. कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) एंड ऑफ फाइल कधी देतं? लिहायचं शेवटचं उघडं टोक बंद झालं की. पेरेंटने स्वतःचं बंद केलं, पण चाइल्डकडे त्याचं स्वतःचं एफडी[१] उघडंच होतं. कुणीतरी अजून लिहील म्हणून चाइल्ड वाट बघत होता आणि तो ‘कुणीतरी’ तो स्वतःच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. फोर्क लिहायच्या आधी कागदावर प्रत्येक प्रोसेसचा चौकोन काढायचा, त्यात तिच्याकडची सगळी टोकं लिहायची आणि नको असलेली खोडायची. खोडलेल्या प्रत्येक टोकामागे कोडमध्ये एक क्लोज दिसला पाहिजे. बालिश वाटेल, पण तीन कमांडची साखळी स्वतः बांधून बघा. पेरेंटने दोन्ही पाइप आधीच उघडून मग तीन चाइल्ड काढले, तर चार प्रोसेस गुणिले चार डिस्क्रिप्टर, एकूण सोळा. डुप-टू करून (डिस्क्रिप्टरची दुसऱ्या क्रमांकावर प्रत काढून) इनपुट-आउटपुट जोडल्यावरसुद्धा मूळ डिस्क्रिप्टर आपोआप मिटत नाही, त्यामुळे सोळाच्या सोळा बंद करावे लागतात. एक विसरला तरी साखळीतली कुठलीतरी कमांड झोपून राहू शकते. सॉर्टसारखी कमांड तर सगळा इनपुट संपेपर्यंत एक ओळही छापत नाही, त्यामुळे नक्की कोण अडलंय हेसुद्धा कळत नाही.

अडकलेला प्रोग्राम मारून टाकायची घाई करू नका. लिनक्सवर दुसरं टर्मिनल उघडा आणि प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखाली एफडी नावाची डिरेक्टरी आहे, तिची सविस्तर यादी बघा. ‘पाइप’ हा शब्द आणि चौकोनी कंसात एक क्रमांक दिसेल. तोच क्रमांक दोन प्रोसेसमध्ये दिसला, तर दोघी एकाच पाइपला धरून आहेत. ओळीच्या सुरुवातीच्या परवानग्यांत आर असेल तर ते वाचायचं टोक, डब्ल्यू असेल तर लिहायचं. हे मला पहिल्याच आठवड्यात कुणी दाखवलं असतं, तर माझे दोन रविवार वाचले असते.

दुसरा फटका उशिरा बसला आणि जास्त लागला. मी एक टूल लिहिलं होतं. ते चाइल्डमध्ये एक कमांड चालवायचं आणि तिचा आउटपुट गोळा करायचं. आधी वेटपिड, मग रीड, असा क्रम होता. चाइल्डचं काम संपू दे, मग निवांत वाचू, असा विचार. कित्येक महिने ते बिनतक्रार चाललं. एके दिवशी कमांडचा आउटपुट मोठा आला आणि टूल हँग. कारण पाइप म्हणजे अथांग हौद नाही. लिनक्सच्या २.६.११ आवृत्तीपासून त्याची क्षमता सर्वसाधारणपणे ६५,५३६ बाइट आहे, त्याआधी ४,०९६ होती. पाइप भरला की राइट थांबतो. चाइल्ड जागा होण्याची वाट बघतोय, पेरेंट चाइल्ड संपायची. उपाय एका ओळीचा: आधी एंड ऑफ फाइलपर्यंत वाचा, मग वेट करा. छोट्या डेटावर चाचणी केली की ही चूक कधीच सापडत नाही, म्हणून निदान एक लाख बाइट ढकलून बघा.

पाइपला निरोपांच्या सीमा कळत नाहीत, हेही नव्यांना पटायला वेळ लागतो. दोनदा राइट केलं म्हणून दोनदाच रीड होईल असं नाही. दोन्ही एकदम येतील, किंवा एक अर्धवट येईल. म्हणून रीडने किती बाइट दिले ते दरवेळी बघा, आणि प्रत्येक निरोपाआधी त्याची लांबी पाठवा किंवा ओळीच्या शेवटाची खूण ठरवा. अनेक चाइल्ड एकाच पाइपमध्ये लिहिणार असतील तर पाइप-बफ ही मर्यादा माहीत हवी. तेवढ्यापर्यंतचा एक राइट मध्ये दुसऱ्याचे बाइट न मिसळता जातो. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाप्रमाणे ती किमान ५१२ बाइट असते, लिनक्सवर ४,०९६.

प्रिंटएफचं भूत तुम्हालाही भेटेल. फोर्कआधी छापलेली ओळ टर्मिनलवर एकदा दिसते आणि आउटपुट फाइलमध्ये वळवला की दोनदा. टर्मिनलवर ओळ संपली की बफर रिकामा होतो, फाइलकडे किंवा पाइपकडे जाताना तो भरेपर्यंत थांबतो, आणि फोर्कमध्ये त्या न गेलेल्या बफरचीही प्रत निघते. फोर्कआधी एफफ्लश करा.

दोन्ही दिशांनी बोलायचं असेल तर दोन पाइप घ्या किंवा सॉकेटपेअर वापरा. एकमेकांशी नातं नसलेल्या प्रोसेस असतील तर फायफो (फाइलसारखं नाव असलेला पाइप). नुसता एखाद्या कमांडचा आउटपुट हवा असेल तर पीओपन पुरतं, उगाच फोर्कपासून सुरुवात करण्यात शौर्य नाही. पण शिकताना मात्र सगळं हाताने करा.

आणि हाताने करायचंच तर स्वतःचा छोटा शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) लिहा. मुलाखतीतही हा प्रश्न फिरून फिरून येतो. प्रोग्राम एकमेकांना बागेतल्या रबरी नळीसारखे जोडता यावेत, ही कल्पना बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये मांडली आणि केन थॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आणली. पाइपचं उभ्या रेघेचं (|) ते चिन्ह आपण रोज वापरतो. ते कसं चालतं हे कळायला आपला शेल दोनशे ओळींचा असला तरी पुरे.

शेल तयार झाला की त्यात येस ही कमांड हेडला जोडून चालवा. येस कधीच थांबत नाही, हेड दहा ओळी छापून निघून जातो. वाचणारं कुणी उरलं नाही की पुढच्या राइटला येसला सिगपाइप हा सिग्नल मिळतो आणि तो मरतो. बॅशमध्ये अशा वेळी त्याचा एक्झिट कोड १४१ दिसतो, १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक १३. (स्वतःच्या प्रोग्रामला असं मरायचं नसेल तर हा सिग्नल दुर्लक्षित करून राइटने परत केलेलं उणे एक आणि ई-पाइप ही एरर तपासा.)

माझ्या शेलमध्ये हेडने दहा ओळी छापल्या आणि प्रॉम्प्ट परत आलाच नाही. येस जिवंत होता, राइटमध्ये अडकून. दुसऱ्या टर्मिनलवर यादी काढली. हेड केव्हाच गेला होता, पण पेरेंटकडे, म्हणजे खुद्द शेलकडे, तीन क्रमांकाचा डिस्क्रिप्टर उघडा होता. वाचायचं टोक.