विंडोज १० वरून ११ वर जाताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे रिपेअरिंगला येणारा जवळपास प्रत्येकजण एकच विचारतो, आता अकरा टाकायलाच लागणार का, नाहीतर पीसी बंद पडेल का. तर आधी हे नीट ऐका, पीसी बंद पडत नाही. विंडोज १० चालूच राहतं, फक्त सिक्युरिटीचे नेहमीचे पॅच यायचे थांबतात, म्हणजे उद्या एखादं नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. त्यामुळे चालढकल करणं पण चूक आणि घाबरून आजच्या आज बटण दाबणं पण चूक. त्या पीसीवर रोज काय काम चालतं ते आधी बघायचं, विंडोजचा नंबर नंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे स्क्रीनवर "हा पीसी चालणार नाही" असं दिसलं की नवीन मशीन घ्यायला धावणं. एक काकू आल्या होत्या, झेरॉक्सचं दुकान आहे त्यांचं, एका ठिकाणी त्यांना पीसी बाद झाला म्हणून सांगितलेलं आणि नव्याचं कोटेशन पण हातात दिलेलं. मी बघितलं तर प्रोसेसर आय थ्री, नवव्या जनरेशनचा, म्हणजे चांगला चालणारा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी टाइप केलं तर टीपीएम, म्हणजे ११ ला लागणारी सिक्युरिटीची सोय, सापडत नाही असा मेसेज आला. सोय बोर्डमध्ये होतीच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, बंद होती. इंटेलच्या बोर्डवर तिचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम, ते चालू केलं, सेव्ह केलं, झालं काम. काकूंना दोनदा विचारायला लागलं, खरंच नवीन नको ना म्हणून. नवीन मशीनचे पैसे म्हणजे छोट्या दुकानाची काही महिन्यांची कमाई असते हो, त्यामुळे असं कोणी न तपासता सांगितलं की मला मनापासून राग येतो.

प्रोसेसरचं गणित असं, की इंटेलमध्ये आठवी जनरेशन किंवा पुढची लागते. आय फाइव्ह च्या पुढे ८२५० असं काही असेल तर आठवी, ७२०० असेल तर सातवी, म्हणजे यादीत नाही. रायझनमध्ये साधारण २००० सिरीजपासून पुढे, पण त्यातले पण सगळे नाहीत, म्हणून मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं छोटं ॲप चालवून बघा. आणि बायोसमध्ये गेलाच आहात म्हणून लगेच लेगसी मोड, म्हणजे पीसी सुरू व्हायची जुनी पद्धत, काढून नवी यूईएफआय करू नका, डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर पीसी चालूच होणार नाही. आधी एमबीआर टू जीपीटी टूलने डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलायची, मग मोड.

आता ज्याचा आपल्याकडे सगळ्यात जास्त त्रास होतो ते सांगतो, जुनं सॉफ्टवेअर. ओळखीतले एक दादा लग्नपत्रिका छापतात, डोंगलवर, म्हणजे पीसीला लावायच्या लायसन्सच्या चावीवर, चालणारं जुनं मराठी टायपिंग आणि त्याचे स्वतःचे फॉन्ट, युनिकोड नाही. त्यांनी ऐन लग्नसराईच्या तोंडावर फॉरमॅट मारून ११ टाकलं. डिझाईनच्या फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर सुरक्षित होत्या, पण पहिली फाइल उघडली आणि गणपतीखालच्या "श्री गणेशाय नमः" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची रांग दिसली, कारण फॉन्ट सी ड्राइव्हबरोबर गेले होते. त्यात डोंगलचा ड्रायव्हर इतका जुना की ११ मधल्या मेमरी इंटिग्रिटी नावाच्या सुरक्षेच्या सोयीने तो लोडच होऊ दिला नाही, नव्याने टाकलेल्या ११ मध्ये ती बऱ्याचदा आपोआप चालू असते. फॉन्ट शेवटी एका जुन्या पेन ड्राइव्हवर मिळाले आणि नवा ड्रायव्हर दोन दिवसांनी आला, तोपर्यंत नवऱ्या मुलीचे वडील दुकानात बसून होते. म्हणून फॉन्टचं फोल्डर आधी कॉपी करा आणि डोंगल, बारकोड प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचं टोकन, जुना स्कॅनर, प्रत्येकाचा ११ चा ड्रायव्हर मिळतो का ते कंपनीला फोन करून विचारा. फोन करायचा कंटाळा करू नका.

अजून एक, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुने ३२ बिट प्रोग्राम त्यावर चालतात पण डॉसच्या काळातले १६ बिट प्रोग्राम नाही चालत. काही दुकानांत आणि पतसंस्थांत अजून तसले हिशोबाचे प्रोग्राम ३२ बिट विंडोज १० वर सुरू आहेत. तिथे आधी हिशोब दुसरीकडे हलवायचा, विंडोजचं नंतर.

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, पण रिकव्हरी कीचं कोणी सांगत नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते, आणि बायोसमध्ये काही बदललं की निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी की मागतो. ती नसेल तर डेटा गेला, मी काय कोणीच काढू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर ती बहुतेक सेव्ह असते, आधीच बघून वहीत लिहून ठेवा.

अपग्रेड केल्यावर नाही पटलं तर १० दिवसांत परत १० वर जाता येतं, पण लोक पहिल्याच दिवशी जागा मोकळी करायला म्हणून विंडोज डॉट ओल्ड फोल्डर, ज्यात जुनं विंडोज ठेवलेलं असतं, ते उडवतात आणि परतीचा रस्ता बंद करतात. फॉरमॅट मारलं असेल तर तो रस्ता मुळातच नसतो. साध्या हार्डडिस्कवर ११ टाकू नका, कागदावर ४ जीबी रॅम चालते म्हणतात पण कामाला ८ जीबी आणि एसएसडी हवीच.

आणि मशीन खरंच बसत नसेल तर? प्रोसेसर आणि टीपीएमचा चेक बायपास करून ११ टाकून देणारे आहेत, पण त्यावर पुढचे अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही, पैशाचे व्यवहार होतात त्या पीसीवर मी ते करून देत नाही. घरच्या पीसीला विंडोज १० चे जादा सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवलेत, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पण लागत नाहीत, फक्त व्हर्जन २२एच२ पाहिजे. विंडोज अपडेटच्या पानावर एनरोलची लिंक दिसते. नुसतं ब्राउझर आणि यूट्यूब असेल तर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम, पेन ड्राइव्हवरून चालवून बघा, इन्स्टॉल न करता चालतं.

करायचं ठरलंच तर कामाचा दिवस सोडून करा, लॅपटॉपचा चार्जर लावून ठेवा आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासा. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी लाइट जाते आणि अपडेट ६० टक्क्यांवर असताना गेली की पुढचा अर्धा दिवस तिथेच जातो.