ऊसतोडीच्या स्थलांतराचं सर्वेक्षण कसं करावं

जानेवारीत बीड जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवर प्रश्नावली घेऊन गेलात, तर घरामागून घर कुलूपबंद दिसेल. ओट्यावर एखादी म्हातारी, तिच्याजवळ दोन नातवंडं, बाकी सगळे ‘कारखान्याला’. अशा वेळी पाहणी करणारा नियमाप्रमाणे ‘घर बंद’ लिहितो आणि शेजारचं उघडं घर घेतो. शेजारचं घर उघडं असतं, कारण ते ऊसतोडीला गेलेलं नसतं. अशी वीस घरं बदलली की स्थलांतराच्या अभ्यासातून स्थलांतर करणारेच गळतात, आणि आकडेवारी मात्र नीटनेटकी दिसत राहते. विद्यापीठातून पहिल्यांदाच या विषयाकडे वळणाऱ्यांनी सगळ्यात आधी हा धोका समजून घ्यावा.

वेळापत्रक हंगामावरून ठरवा

साखर कारखान्यांचं गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. म्हणून एकाच घराकडे वर्षातून तीनदा जावं लागतं. पहिली फेरी पोळा ते दसरा. तेव्हा माणसं गावात असतात, उचल (मजूर जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) घेतलेली असते किंवा घेण्याची बोलणी चालू असतात. घरयादी याच वेळी करा. दुसरी फेरी डिसेंबर-जानेवारीत, कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर. तिसरी मे-जूनमध्ये, परत आल्यावर, हिशोब ताजा असताना. निधी दोनच फेऱ्यांपुरता असेल तर मधली सोडा, पण पहिली आणि तिसरी सोडू नका.

सरकारी आकड्यांवर विसंबणाऱ्यांनी तारखा तपासाव्यात. २०११ च्या जनगणनेची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे गाळपाच्या ऐन भरात. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवसही १ मार्च २०२७ आहे. या तक्त्यांवरून गावातून किती जण ऊसतोडीला जातात हे कळत नाही, त्यासाठी ते वापरूही नयेत.

‘सहा महिने’ हे उत्तर लिहून घेऊ नका

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरित कोण, तर गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी किंवा कामाच्या शोधात एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला. आधीच्या ५५ व्या फेरीत खालची मर्यादा ६० दिवसांची होती, त्यामुळे या दोन फेऱ्यांचे आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत.

आता २०२१-२२ चा लांबलेला हंगाम घ्या. समजा एकाच गावातल्या दोन टोळ्या. पहिली भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी, ७ नोव्हेंबरला निघाली आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी, १ एप्रिलला परतली. दोन्ही टोकं धरून १४६ दिवस. दुसरी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबरला गेली आणि अक्षय्य तृतीयेला, ३ मे रोजी आली. २०० दिवस. काम तेच, मुकादमाची रीत तीच. तरी पहिली टोळी व्याख्येत बसते आणि दुसरी बाहेर पडते. ही दुसरी टोळी गावाच्या यादीतून सुटते, आणि तिकडे ती कोपीत राहते, फडाप्रमाणे (तोडीला आलेल्या उसाच्या शेताप्रमाणे) मुक्काम हलवते, म्हणून तिथल्या घरयादीतही येत नाही. हंगाम जितका लांब आणि कष्ट जितके जास्त, तितका माणूस आकड्यांतून नाहीसा व्हायची शक्यता जास्त. यासाठी वरची सहा महिन्यांची मर्यादा माहिती गोळा करताना लावूच नका. निघाल्याची आणि परतल्याची तारीख नोंदवा, वर्गवारी नंतर करता येते.

‘किती दिवस गेला होता?’ असं विचारलं की ‘सहा महिने’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी एका कागदावर दसरा, दिवाळी, संक्रांत, शिवरात्र, होळी, पाडवा, अक्षय्य तृतीया असे रकाने आखा आणि प्रत्येक सणाला मुक्काम कुठे होता ते विचारा. संक्रांत कोणत्या कोपीवर केली हे बायकांना नेमकं आठवतं. मध्ये कोणी मयतीला किंवा लग्नाला गावी येऊन गेलं असेल तर तेही याच रकान्यांतून निघतं.

कोयता मोजू नका, माणूस मोजा

एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, मजुरीही कोयत्यावरच धरली जाते. प्रश्नावलीत ‘कोयते किती?’ एवढाच प्रश्न ठेवलात तर बाईची मजुरी कायमची पुसली जाते आणि सोबत नेलेली मुलं दिसतच नाहीत. प्रत्येक माणसाची वेगळी ओळ करा: वय, कोयत्यात नाव आहे का, नसेल तर फडात काय करतो, मोळ्या बांधतो, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करतो की धाकटं भावंड सांभाळतो. शाळेचा प्रश्न ‘जातो का?’ असा विचारू नका. ‘दिवाळीनंतर शाळेत कोणत्या महिन्यात होता?’ असं विचारा. पटावरचं नाव आणि वर्गातली हजेरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कुटुंब कोणतं मानायचं, हेही आधीच ठरवा. गावात म्हातारीची चूल आणि कोपीत सुनेची चूल, अशी एकाच घराची दोन कुटुंबं होतात आणि दोनदा मोजली जातात. पावसाळ्यात ज्या चुलीवर एकत्र जेवण होतं, ते एक कुटुंब, हा नियम इथे चांगला टिकतो.

नमुना

गावातल्या सगळ्या घरांची यादी करा, मगच नमुना काढा. यादीत प्रत्येक घरापुढे चार गोष्टी हव्यात: गेल्या हंगामात कोणी गेलं का, कोणत्या प्रकारच्या टोळीत (बैलगाडी, ट्रॅक्टर, की डोकी सेंटर, म्हणजे मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरणारी), कोणत्या जिल्ह्यात किंवा राज्यात, आणि घर एकट्या बाईच्या जिवावर चालतं का. एकट्या बायकांना उचल मिळणंच अवघड असतं. त्यांचा वेगळा गट केला नाही तर त्या नमुन्यात दोन-तीनच येतात आणि त्यांच्याबद्दल काहीच म्हणता येत नाही.

संख्येचं गणित असं. प्रमाणाचा अंदाज पाच टक्क्यांच्या फरकाने, ९५ टक्के खात्रीने हवा असेल तर साध्या नमुन्यात ३८५ घरं लागतात. गावं आधी निवडून त्यांतली घरं घेतो म्हणून दीडपट धरा, ५७८. तीन फेऱ्यांत १५ टक्के घरं सुटतील असं धरलं तर सुरुवात ६८० घरांनी करावी. तीच घरं चार मोठ्या गावांतून घेण्यापेक्षा वीस गावांतून थोडी थोडी घ्या. एका गावातले लोक बहुधा त्याच दोन-चार मुकादमांबरोबर जातात आणि त्यांची उत्तरं एकसारखी येतात.

हिशोब

‘वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. ओळीने विचारा. समजा उचल १,००,००० रुपये. जोडी रोज दोन टन तोडते, १२० दिवस, म्हणजे २४० टन. टनाला ३६० रुपये धरले तर ८६,४०० रुपये. उचलीतून ते वजा केल्यावर बाकी १३,६००. हंगामात आठवड्याला ५०० रुपये खर्ची (घरखर्चासाठी आगाऊ मिळणारे पैसे), वीस आठवडे, म्हणजे आणखी १०,०००. बाकी झाली २३,६००. त्यावर खाड्यांची, म्हणजे गैरहजर दिवसांची, कपात वेगळी. ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवतात, म्हणून ‘यंदा उचल किती?’ या उत्तरात जुनी बाकी किती आणि हातात पडलेली रक्कम किती, हे फोडून लिहा. हे फोडलं नाही तर कर्ज वाढल्याचं दिसायच्या जागी मजुरी वाढल्याचं दिसतं.

टनांचा आकडा नवरा, बायको आणि मुकादम यांच्याकडून वेगवेगळा घ्या. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, पावती मुकादम किंवा गाडीवाल्याकडे राहते, आणि तोडणाऱ्याला बऱ्याचदा फक्त खेपा माहीत असतात. तीन आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढू नका. तिन्ही लिहा, तो फरकच अभ्यासाचा विषय आहे. बैलगाडीवाल्यांना वाढं विकून मिळणारे पैसेही स्वतंत्र विचारा, ते पुरुषांच्या हिशोबात सहसा येत नाहीत.

कोपीवर

तोड पहाटे सुरू होते, आणि ट्रक रात्री कितीही वाजता येऊ शकतो. भरणी चालू असताना कोणाला थांबवू नका. त्या वेळेत वाया गेलेलं प्रत्येक मिनिट त्यांच्या टनांतून जातं. बैलगाडीवाले कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत तासन्‌तास बसून असतात, पुरुषांशी तिथे बोला. बायकांशी कोपीवर, शक्यतो बाईनेच, दोघीच असताना. मुकादम शेजारी उभा असेल तर उत्तरं बदलतात. म्हणून दोघांनी जावं: एकाने मुकादमाची स्वतंत्र, लांब मुलाखत घ्यावी, तेवढ्यात दुसऱ्याने टोळीशी बोलावं.

संमतीसाठी कागदावर सही किंवा अंगठा मागू नका. उचल घेताना अनेकांनी स्टॅम्प पेपरवर, कधी कोऱ्या कागदावरही, अंगठा दिलेला असतो. तुमचा फॉर्म पुढे आला की मोकळं बोलणारा माणूस गप्प होतो. तोंडी संमती घ्या, मुलाखत घेणाऱ्याने ती स्वतःच्या सहीने नोंदवावी. संस्थेच्या नीतिसमितीकडून ही पद्धत आधीच मंजूर करून घ्या, ऐन हंगामात त्याला वेळ मिळत नाही.

बायकांच्या आरोग्याचे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत. बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत २०१९ मध्ये शासनाने समिती नेमली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या बातम्यांनंतर अनेक गावांत पत्रकार आणि अभ्यासक येऊन फोटो काढून गेले. तिसऱ्या फेरीपर्यंत ओळख झालेली असते, तेव्हा विचारा, आणि जवळच्या आरोग्य केंद्रात नेमकं कुठे जायचं ही माहिती सोबत ठेवा.

अहवालात गाव, कारखाना आणि टोळीचा आकार एकत्र लिहू नका. तीन गोष्टी जुळल्या की मुकादमाला माणूस ओळखता येतो आणि पुढच्या वर्षीची उचल अडते. तालुका आणि गाडीचा प्रकार एवढं पुरतं. निष्कर्ष गावाला वाचून दाखवायचे तर पोळ्याच्या सुमारास जा. तेव्हा घरं उघडी असतात, आणि हिशोबात चूक असेल तर ती तिथल्या तिथे सांगणारी माणसं समोर बसलेली असतात.