'नो-गो'वर बोल्ट अडला म्हणजे रायफल पास? हेडस्पेस तपासताना या चुका टाळा

हेडस्पेसच्या तपासणीत एक मेख आहे. 'नो-गो' गेज, म्हणजे कमाल मर्यादेच्या मापाचा पोलादी तुकडा, चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) घातला आणि बोल्ट बंद झाला नाही, तर रायफल पास. म्हणजे बोल्ट कशानेही अडला, तरी निकाल आपल्याला हवा तसाच लागतो. आणि जुन्या लष्करी रायफलीत बोल्ट अडवणाऱ्या गोष्टींना तोटा नसतो. वाळून घट्ट झालेलं ग्रीस, पुंगळी बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचा आकडा, फायरिंग पिनची स्प्रिंग, यातलं काहीही पुरतं.

आधी मापाचं थोडक्यात. बंद बोल्टचं तोंड आणि काडतुसाला पुढे सरकू न देणारी चेंबरमधली जागा, यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. थ्री नॉट थ्री किंवा मोसिन-नागांतच्या ७.६२×५४आर काडतुसात पुंगळीच्या बुडाची कड, म्हणजे रिम अडते. माउझरच्या ७.९२×५७ किंवा .३०-०६ मध्ये पुंगळीचा खांदा अडतो. हे अंतर वाढलं की बार उडताना पुंगळी लांबीत ताणली जाते. ती बुडाजवळ फाटली तर तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याच्या दिशेने येऊ शकतो.

बोल्टचे भाग न काढता गेज घालणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माउझर ९८ चा एक्स्ट्रॅक्टर लांब आणि दणकट असतो. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड त्याच्या आकड्याखाली आपोआप सरकते. पण गेज बोटांनी चेंबरमध्ये टाकून वरून बोल्ट ढकलला, तर आकडा गेजच्या कडेवर आपटतो आणि बोल्ट तिथेच थांबतो. पाहणाऱ्याला वाटतं, वा, नो-गोवर बंद होत नाही. प्रत्यक्षात गेजची आणि चेंबरची अजून गाठही पडलेली नसते. एक्स्ट्रॅक्टर काढून तपासणं उत्तम. काढायचा नसेल तर निदान गेज आधी बोल्टच्या तोंडावर, आकड्याखाली बसवून मग आत न्यावं.

फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंगही बाहेर हवी. ली-एनफिल्ड, पी-१४ किंवा एम-१९१७ मध्ये स्प्रिंग बोल्ट बंद करताना ताणली जाते. त्यामुळे हाताला जाणवणारा जोर स्प्रिंगचा की गेजचा, हे सांगता येत नाही. ली-एनफिल्डची पिन काढायला खास हत्यार लागतं. ते नसेल तर ज्याच्याकडे आहे अशा गनस्मिथकडे बोल्ट न्यावा, पकडीने झटापट करू नये.

चेंबर 'दिसायला स्वच्छ' आहे म्हणून सोडून देणं

साठवणीसाठी फासलेलं कॉस्मोलीन हे गंजरोधक ग्रीस वर्षांनुवर्षं राहिलं की लाखेसारखं कडक होतं. नळी आरशासारखी चमकते, पण चेंबरच्या खांद्यापाशी किंवा रिम बसते त्या खाचेत त्याचा थर तसाच असतो. नो-गोला तेवढा थर पुरतो. सॉल्व्हंट, चेंबरचा ब्रश, मग कोरडी चिंधी, आणि चिंधी स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा. बोल्टच्या तोंडाचा खोलगट भाग आणि लग, म्हणजे बोल्टला जागी जखडणारे उंचवटे, विसरू नका. गेजही पुसून घ्या.

जोर लावणं

बोल्टचा दांडा फक्त एका बोटाच्या भाराने खाली न्यायचा. अडला की थांबायचं. बोल्ट लगांच्या तिरप्या कडांवरून फिरत बंद होतो, त्यामुळे दांड्यावरचा थोडासा जोरही आत कितीतरी पट होऊन पोहोचतो. कडक पोलादी गेजवर असा दाब पडला की चांगली रायफल नापास ठरते, शिवाय चेंबरला किंवा लगांना इजा होते ती वेगळीच.

व्यापारी गेजने लष्करी रायफल नापास करणं

थ्री नॉट थ्रीचं गो गेज, म्हणजे ज्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे ते, ०.०६४ इंचाचं. व्यापारी नो-गो ०.०६७ चं, पण ब्रिटिश लष्कराची वरची मर्यादा ०.०७४ होती. म्हणजे ०.०६७ वर बोल्ट बंद झाला, तर रायफल बाद झाली असं नाही, पुढे लष्करी मापाच्या गेजने पाहायचं. त्यावरही बंद झाला तर मात्र रायफल चालवायची नाही. .३०८ आणि ७.६२ नाटो यांचाही असाच घोळ होतो. नाटो चेंबरची मापं थोडी लांब आहेत. इशापूरच्या २ए१ या ७.६२ नाटो रायफलीला .३०८ चं व्यापारी गेज लावून घाबरून जाण्यात अर्थ नाही.

गेजऐवजी वापरलेली पुंगळी आणि तिच्या बुडाला चिकटपट्टीचे थर, हा जुगाड मला पटत नाही. पट्टी दबते आणि पुंगळी मुळात कुठल्या मापाची होती, हे कुणालाच ठाऊक नसतं. जिवंत काडतूस घालून तर कधीच तपासू नये.

बोल्ट हेडवरचा क्रमांक खरा मानणं

ली-एनफिल्ड नंबर ४ ला ० ते ३ अशा क्रमांकांची बोल्ट हेड, म्हणजे बोल्टच्या पुढच्या टोकाचे सुटे भाग, येतात. क्रमांक वाढला की हेड लांब. पण यांत झीज आणि बनावटीचा फरक असतोच, म्हणून मायक्रोमीटर लावा. हेड बदलल्यावर गो गेज पुन्हा घाला, ते सहज बसलंच पाहिजे. काही बार काढल्यावर माप पुन्हा वाढलं, तर दोष हेडमध्ये नाही. लग किंवा रिसीव्हरमधली (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यातली) त्यांची बैठक दबत चालली आहे. अशा वेळी आणखी लांब हेड घालणं म्हणजे दुखणं झाकणं. माउझरला असं सुटं हेड नसतंच. तिथे दुसरा बोल्ट लावून पाहणं किंवा नळी मागे घेऊन चेंबर नव्याने कापणं, हे गनस्मिथचंच काम.

गेज पास, तरी पुंगळ्या तुटतात?

थ्री नॉट थ्रीवाल्यांची ही नेहमीची तक्रार. लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस असतात, चिखल-मातीतही काडतूस आत जावं म्हणून. रिम बरोबर अडते, पण खांद्यापुढे मोकळी जागा उरते. पहिल्या बाराला पुंगळी तिथे फुगते. रीलोडिंग करताना, म्हणजे वापरलेली पुंगळी पुन्हा भरताना, तिला पूर्ण लांबीत आकार देणाऱ्या फुल-लेंग्थ डायने खांदा मागे ढकलला की पुढच्या बाराला ती पुन्हा ताणली जाते. उपाय म्हणजे पुंगळीची फक्त मान पुन्हा मापात आणणं. वाकवलेल्या तारेचं टोक पुंगळीच्या आतून बुडाच्या थोडं वर फिरवून बघा. टोक एखाद्या खाचेत अडखळलं, तर ती पुंगळी फेकून द्या. बाहेरून तिथेच चमकदार कडं दिसतं. हलक्या लोडने प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, बार पेटवणारी टोपी) किंचित मागे आलेला दिसला, तर तेवढ्यावरून हेडस्पेसला दोष देऊ नका. कमी दाबाला असं होतं.

गेज जे सांगत नाही तेही त्याच्याकडून ऐकणं

बोल्ट आणि रिसीव्हरचे नंबर जुळले, तरी झीज चुकत नाही. आणि गेज पास झालं, तरी नळीचा व्यास कळत नाही. मूळ गेवेर ८८ या जर्मन रायफलीची नळी .३१८ इंची गोळीची, पण नंतरची ७.९२ काडतुसं .३२३ ची. स्प्रिंगफील्ड एम-१९०३ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीचे ८,००,००० खालचे आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ खालचे रिसीव्हर उष्णता-प्रक्रियेतल्या दोषामुळे ठिसूळ असू शकतात, गेज काहीही म्हणो. ली-एनफिल्डवर 'डीपी' शिक्का असेल, तर ती केवळ कवायतीसाठी ठेवलेली रायफल आहे. तिला गेज लावत बसू नका.